त्या इंजिनाचं दुसरं टोक

कर्वेनगर, पुणे

थरारपट लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्या सर्वांस,



शत्रुराष्ट्रांचे दोन अधिकारी, एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेले, नाइलाजाने एकत्र येतात आणि एकाच गुन्हेगाराच्या मागे लागतात, ही गोष्ट तुम्ही गेली कित्येक वर्षं आम्हाला सांगत आहात. २०१२च्या १५ ऑगस्टला ‘एक था टायगर’ आला. त्यातला रॉचा हेर आणि आयएसआयची हेर झोया एकमेकांच्या प्रेमात पडले आणि दोन्ही देशांना चकवून निघून गेले. २०१७च्या ‘टायगर जिंदा है’मध्ये रॉ आणि आयएसआयची पथकं इराकमध्ये खांद्याला खांदा लावून लढली. २०२३च्या जानेवारीत ‘पठान’, त्याच वर्षीच्या दिवाळीत ‘टायगर ३’. हे सगळे मी थिएटरात जाऊन पाहिले, बहुतेक कोथरूडच्या सिटी प्राइडला, वडिलांना बरोबर घेऊन. आणि दर वेळी घरी परतताना मनाला काहीतरी लागून राहिलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता तुम्हालाच लिहिते आहे.

काय लागलं ते आधीच स्पष्ट करते, नाहीतर तुमचा समज व्हायचा की पाकिस्तानी पात्र चांगलं दाखवल्याचा हिला राग आलाय. माझं दुखणं बरोबर उलटं आहे. तुम्ही पलीकडचा माणूस चांगला दाखवलात तो फक्त हेर म्हणून, सुंदर नटी म्हणून, गाण्यात नाचणारी म्हणून. पलीकडे फाइल उघडून बसलेला, साक्षी-पुरावे जमवणारा, आपल्याच वरिष्ठांचा रोष ओढवून घेणारा जो तपासी अधिकारी खरोखर होता, तो तुम्हाला कधी दिसला नाही. आणि अलीकडे, म्हणजे आपल्या मुंबईत, त्याच्याच जोडीचं काम करणारे मराठी अधिकारीही तुम्हाला दिसले नाहीत.

माझे वडील मुंबई पोलीस दलातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही कर्वेनगरला राहायला आलो. नोकरीतला मोठा काळ त्यांनी तपासी अंमलदाराचे रायटर म्हणून काढला. रायटर काय करतो हे तुमच्या पटकथांत कुठेही नसतं, म्हणून सांगते. तो पंचनामा लिहितो, जबाब लिहितो, केस डायरी रोजच्या रोज पुरी करतो, मुद्देमालाला लेबल लावून त्यावर पंचांच्या सह्या घेतो, आणि पाच-सात वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा कोणता कागद कुठल्या पानावर आहे हे त्याला तोंडपाठ असतं. साहेब बदलतात, रायटरचं अक्षर फाइलीत राहतं. बाबा तुमचे चित्रपट अगदी मन लावून पाहतात. संपल्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “यांचा पंचनामा कोण लिहितो?” ते चेष्टा करत नसतात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, कारण ज्या गुन्हेगाराला तुमचे नायक विमानातून खाली फेकतात त्याला शिक्षा झाली असं बाबांच्या लेखी होतच नाही. शिक्षा न्यायाधीश देतो, आणि तीही कागदावर सिद्ध झाल्यावर.

हेरांची दोस्ती लिहायला सोपी असते. हेराला ठाणं नाही, स्टेशन डायरी नाही, आरोपीचा वकील त्याची उलटतपासणी घेत नाही. दोन देशांच्या पोलिसांची दोस्ती लिहायची तर दोन कायदे येतात, दोन न्यायालयं येतात, दोघांच्याही पाठीमागे उभी असलेली दोन सरकारं येतात आणि त्या दोघांना एकमेकांचं पटलं तरी ते तोंडाने कबूल करता येत नाही. याहून मोठं नाट्य कोणतं हवं होतं तुम्हाला?

बाहेरच्या लोकांनी ते केलंय. १९८८ साली, शीतयुद्ध संपायच्या आधी, वॉल्टर हिल या दिग्दर्शकाने ‘रेड हीट’ काढला. मॉस्कोचा पोलीस कॅप्टन शिकागोत येतो आणि तिथल्या तोंडाळ डिटेक्टिव्हबरोबर त्याला काम करावं लागतं. चित्रपट मारधाडीचाच आहे, पण दोघेही पोलीस आहेत हे तो विसरत नाही. त्याहून मला जवळचा वाटतो तो २०१७चा कोरियन ‘कॉन्फिडेन्शियल असाइनमेंट’. उत्तर आणि दक्षिण कोरियाचं युद्ध १९५३ साली थांबलं ते शस्त्रसंधीवर. तह अजून झालेला नाही. अशा दोन देशांतला उत्तरेचा एक गंभीर, घाव बसलेला अधिकारी सोलमध्ये येतो. दक्षिणेचा एक मध्यमवयीन, संसारी, वरिष्ठांच्या मर्जीतून उतरलेला डिटेक्टिव्ह त्याच्यावर नजर ठेवायला नेमला जातो आणि पाळत सोपी जावी म्हणून त्याला आपल्या घरीच मुक्कामाला नेतो. बायको, मुलगी, मेव्हणी, जेवणाचं टेबल. शत्रू घरात जेवायला बसतो आणि दोघांनाही एकमेकांपासून काहीतरी लपवायचं असतं. कोरियात तो तुफान चालला आणि २०२२मध्ये त्याचा दुसरा भागही आला. प्रेक्षकांना ती गोष्ट परकी वाटली नाही, कारण ती त्यांच्याच जखमेतून आलेली होती.

आपल्याकडेही जखम आहे आणि तिच्यातून आलेली गोष्टही आहे. तुम्ही ती उचलली नाहीत. ती मी इथे सांगते, कारण माझी सगळी तक्रार तिच्यावरच उभी आहे.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री दहा जण रबरी होडीतून कुलाब्याजवळच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले. त्याआधी त्यांनी ‘कुबेर’ ही आपली मासेमारी बोट समुद्रात ताब्यात घेतली होती आणि तिचे तांडेल अमरसिंह सोलंकी यांना ठार मारलं होतं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १६६ माणसं गेली. ताजचा घुमट जळताना तुम्ही अनेकदा दाखवलात. पण ती रबरी होडी किनाऱ्यालाच राहिली होती. तिला यामाहा कंपनीचं इंजिन होतं आणि त्या इंजिनावर एक नंबर होता. माझ्या पाहण्यातल्या एकाही चित्रपटात त्या नंबराला दोन मिनिटं मिळालेली नाहीत.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली. ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे. त्यांच्या हातात फक्त लाठी होती. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या आणि कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांची ती कृती तुम्ही दाखवलीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिचा अर्थ मात्र तुम्ही अर्ध्यातच सोडून दिलात. कसाब मेला असता तर दहा अनोळखी प्रेतं उरली असती आणि पलीकडच्यांना हात झटकणं सोपं गेलं असतं. तो जिवंत राहिला म्हणून त्याचं गाव निघालं, त्याची भरती निघाली, त्याचं प्रशिक्षण निघालं. सीमेपलीकडे तपास सुरू होण्याची पहिली शक्यता त्या सहायक फौजदाराच्या हातांनी निर्माण केली. बाबा त्याच हुद्द्यावरून निवृत्त झालेत, म्हणून हे मी थोडं जास्त जोरात बोलत असेन. तेवढं समजून घ्या.

मुंबई गुन्हे शाखेकडे तपास आला. मुख्य तपासी अधिकारी होते पोलीस निरीक्षक रमेश महाले. कायद्याने दिलेल्या नव्वद दिवसांत, २५ फेब्रुवारी २००९ला, अकरा हजारांहून जास्त पानांचं दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झालं. त्यात काय काय होतं पाहा. ‘कुबेर’वर सापडलेला सॅटेलाइट फोन आणि दिशादर्शक यंत्र. पाकिस्तानी बनावटीच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, अगदी दाढीच्या क्रीमपर्यंत. बोटीत सापडलेला गुलाबी फोम आणि शहरात ठेवलेल्या बॉम्बभोवती गुंडाळलेला तसाच गुलाबी फोम. आणि ते इंजिन, जे पाकिस्तानात विकलं गेलं होतं. अमेरिकेच्या एफबीआयची माणसं त्याबद्दल इथल्या न्यायालयात साक्ष देऊन गेली. ह्यातल्या एकेका वस्तूला कोणीतरी लेबल लावलं असेल, दोन पंच उभे करून सह्या घेतल्या असतील. बाहेर शहर रडत असताना आत कोणीतरी स्वच्छ अक्षरात यादी करत बसलं असेल. ते दृश्य मी मनातल्या मनात किती वेळा पाहिलंय! पडद्यावर ते कधी दिसलं नाही.

आता पलीकडे चला. भारताने ५ जानेवारी २००९ला पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या हाती पुराव्यांचं बाड दिलं. पहिले काही आठवडे तिकडून नकारच आला. आणि १२ फेब्रुवारीला त्यांच्या गृहखात्याचे प्रमुख रेहमान मलिक यांनी इस्लामाबादेत जाहीर केलं की कटाचा काही भाग आमच्या भूमीवर शिजला, आम्ही गुन्हा नोंदवला आहे. तपास त्यांच्या फेडरल इन्व्हेस्टिगेशन एजन्सीकडे, म्हणजे एफआयएकडे होता. तारिक खोसा हे पोलीस अधिकारी त्या एजन्सीचे प्रमुख झाले. त्यांनी ऑगस्ट २०१५मध्ये त्यांच्याकडच्या ‘डॉन’ या दैनिकात स्वतःच्या नावाने लेख लिहिला आणि आपल्या माणसांना काय सापडलं ते उघड मांडलं. कसाब पाकिस्तानी होता. त्याचं घर, त्याची शाळा तपासात सापडली. हल्लेखोरांचं प्रशिक्षण सिंधमधल्या ठट्ट्याजवळ झालं. तिथे मिळालेली स्फोटकांची आवरणं मुंबईतल्यांशी जुळली. ज्या ट्रॉलरने ते निघाले तो परत आणून, रंग बदलून लपवला होता, तो जप्त झाला. आणि होडीच्या इंजिनाच्या नंबरावरून त्यांच्या तपासनीसांनी माग काढला: जपानहून लाहोर, लाहोरहून कराचीतलं एक खेळसाहित्याचं दुकान, आणि तिथून होडीसकट ते विकत घेणारा माणूस.

इंजिन एकच. मुंबईच्या किनाऱ्यावर त्याचा पंचनामा इथल्या पोलिसांनी केला, आणि कराचीतल्या दुकानापर्यंत त्याचा माग तिथल्या पोलिसांनी नेला. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या समोर आलेली नव्हती. एकमेकांना फोन करण्याची त्यांना मुभा नव्हती. दोन्हीकडे वर्तमानपत्रांतून युद्धाच्या गोष्टी चालल्या होत्या. तरी एका लोखंडी वस्तूच्या दोन टोकांना धरून ती एकाच खटल्याचं काम करत होती. तुम्ही लेखक आहात. मी नाही. मला सांगा, दोन विजोड पोलिसांची याहून चांगली गोष्ट तुम्हाला कल्पनेने तरी सुचली असती का?

आणि पुढे ती माणसं खरोखर समोरासमोर आली. मार्च २०१२मध्ये पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत आला. त्यात एफआयएचे अधिकारी होते, सरकारी वकील होते आणि तिकडच्या आरोपींचे वकीलही होते. किल्ला कोर्टात चौघांचे जबाब झाले: कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, शवविच्छेदन करणारे दोन डॉक्टर आणि रमेश महाले. एका बाजूला नऊ हल्लेखोरांची प्रेतं आणि एक जिवंत आरोपी यांच्यावरून खटला उभा करणारा मराठी निरीक्षक. दुसऱ्या बाजूला त्याच कटाच्या सूत्रधारांवर आपल्याच देशात खटला चालवणारे सरकारी वकील चौधरी झुल्फिकार अली. पडदा लावायचाच होता तर त्या खोलीत लावायचा होता. तिथे ना गोळीबार होता ना गाणं; प्रश्न होते आणि उत्तरं होती. पण त्या उत्तरांसाठी किती जण आपलं सगळं पणाला लावून बसले होते!

दोन सरकारांच्या कराराप्रमाणे त्या खेपेला उलटतपासणीची परवानगी नव्हती. त्यामुळे आयोगाचा सगळा अहवाल जुलैमध्ये तिकडच्या दहशतवादविरोधी न्यायालयाने बेकायदा ठरवला. सगळं पुन्हा सुरू करायचं. बाबांना ही बातमी वाचून किती वाईट वाटलं होतं ते मला आठवतं. पुरावा कच्चा म्हणून खटला पडला तर पोलिसाला सोसतं. नियमाच्या एका ओळीवरून पडला तर सोसत नाही. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला कसाबला येरवड्याला, म्हणजे आमच्याच शहरात, फाशी झाली. लोकांनी पेढे वाटले. इकडचं टोक संपलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. तिकडे झुल्फिकार अली रोज तारखेला उभे राहतच होते.

३ मे २०१३च्या सकाळी इस्लामाबादेत ते गाडीने न्यायालयात निघाले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते गेले. बेनझीर भुट्टो हत्येचा खटलाही त्यांच्याकडे होता, त्यामुळे कोणत्या खटल्यापायी त्यांचा जीव गेला यावर तिकडे बरंच लिहिलं गेलं. मला एवढंच माहीत आहे की बरोबर तीन वर्षं आधी, ३ मे २०१०ला, न्यायमूर्ती ताहिलियानी यांनी आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात कसाबला दोषी ठरवलं होतं. तीच तारीख. आणि सप्टेंबर २०१३मध्ये आयोग उलटतपासणीसाठी पुन्हा मुंबईत आला तेव्हा त्यात झुल्फिकार अली नव्हते.

तुमच्या कुठल्याही चित्रपटात, मालिकेत, वेबसिरीजमध्ये मला हे नाव ऐकू आलं नाही. आमच्या १६६ माणसांच्या खुन्यांवर त्यांच्याच देशात उभं राहून आरोप मांडणारा माणूस. त्याचं नाव मुंबईत एखाद्याला तरी माहीत असायला हवं होतं की नाही? तुमच्या हातात तेवढं मोठं माध्यम होतं. तुम्ही त्याऐवजी आम्हाला झोया दिलीत.

मला लागलं ते हे.

तुमच्याकडून येणारी उत्तरं मला ठाऊक आहेत. एकदा एका परिचित लेखकाशी बोलले तेव्हा ती सगळी ऐकून झालीत. पहिलं: कागदावर चित्रपट चालत नाही. मग ‘अर्धसत्य’ कसा चालला? श्री. दा. पानवलकरांच्या कथेवर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, गोविंद निहलानींनी १९८३ साली काढलेला. त्यातला फौजदार अनंत वेलणकर ठाण्यातच घडतो आणि ठाण्यातच मोडतो. ‘ब्लॅक फ्रायडे’ कसा चालला? मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांचा तपास, तोही एका बेवारस मारुती व्हॅनपासून सुरू झालेला. २०२५मध्ये आलेला ‘इन्स्पेक्टर झेंडे’ चिन्मय मांडलेकरांनी मराठी निरीक्षक मधुकर झेंडे यांच्या चार्ल्स शोभराजवरच्या पाठलागावर काढला, आणि लोकांनी तो घरोघरी पाहिला. मराठी पोलिसाचं खरं काम लोकांना बघायचं असतं. तुम्हीच त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा पोट सुटलेला, चुकीचं हिंदी बोलणारा, साहेबांच्या मागे धावणारा हवालदार देता. दादा कोंडक्यांचा पांडू हवालदार वेगळा. तो आमचा होता, त्याच्यात माया होती, त्याच्यावर आम्ही हसलो ते आपल्या माणसावर हसतात तसे. तुमच्या हवालदारावर हसताना बाबांचा चेहरा उतरतो आणि ते काही बोलत नाहीत.

दुसरं उत्तर: पाकिस्तानी अधिकारी चांगला दाखवला तर लोक थिएटर फोडतील. तुम्हीच तर आयएसआयच्या एजंटांना नायिका केलंत! ज्या संघटनेवर आमच्या दोषारोपपत्रांत इतकं लिहिलंय, तिची माणसं तुमच्या पडद्यावर शूर आणि प्रेमळ चालतात. आणि ज्या एजन्सीने निदान काही काळ खरा तपास केला, तिचा एक साधा निरीक्षक चालत नाही? हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा. ‘हॅपी भाग जायेगी’मध्ये पीयूष मिश्रांचा लाहोरचा पोलीस अधिकारी लोकांना किती आवडला होता. तो विनोदी होता हे खरं, पण तो पोलीस होता, आणि भारताबद्दल त्याच्या मनात काहीतरी ओलं होतं. थिएटर कुणी फोडलं नाही.

तिसरं उत्तर जरा वजनाचं आहे आणि ते मी टाळणार नाही. ही गोष्ट अपुरी राहिली. तिकडच्या खटल्यात मुख्य आरोपी झकी-उर-रहमान लखवी याला डिसेंबर २०१४मध्ये जामीन मिळाला आणि एप्रिल २०१५मध्ये तो तुरुंगाबाहेर आला. २०१६च्या पठाणकोट हल्ल्यानंतर त्यांचं तपासपथक पठाणकोटला येऊन गेलं, त्यातूनही काही निघालं नाही. तेव्हा तिकडच्या तपासाचं कौतुक कशाला, असं विचारणारे आमच्या सोसायटीतही आहेत, आणि त्यांच्यातल्या एकांचा मुलगा सैन्यात आहे. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण लखवी सुटला तो पुरावा नव्हता म्हणून सुटला, असं तारिक खोसांचा लेख वाचल्यावर म्हणता येत नाही. पुरावा शोधणाऱ्यांनी शोधला होता. त्याच्यावर वजन ठेवणारे वेगळे होते. आणि हा फरक लोकांना कळायला हवा असेल तर तो फक्त चित्रपटच दाखवू शकतो, कारण अकरा हजार पानं कुणी वाचणार नाही. अपुऱ्या खटल्याची गोष्ट सांगता येत नाही असं नसतं. वेलणकरच्या गोष्टीचा तरी शेवट कुठे गोड होता?

कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या बाईला हे सगळं का टोचावं, असंही तुम्हाला वाटेल. आमचा हा भाग म्हणजे जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्वे इथे माळावर झोपडी बांधून विधवा मुलींना शिकवायला बसले, त्यालाही आता सव्वाशे वर्षं झाली. आज इथे कमिन्स कॉलेजच्या मुली, सगळ्या महाराष्ट्रातून आलेल्या, खोल्या घेऊन राहतात. आमच्या खालच्या मजल्यावर अशाच चौघी आहेत. हुशार आहेत, बातम्या वाचतात, २००८ साली अगदी लहान होत्या. त्यांना टायगर माहीत आहे, झोया माहीत आहे, पठान कुठल्या देशात कुणाला मारतो ते माहीत आहे. मुंबईच्या हल्ल्याचा तपास पाकिस्तानातही झाला होता आणि तिथल्या सरकारी वकिलाचा खून झाला, हे मी सांगितलं तेव्हा त्यांतली एक म्हणाली, “काकू, हे खरंय? मग आम्हाला कुणी दाखवलं कसं नाही?” तिला मी काय उत्तर देणार? हा प्रश्न तुमचा आहे. तिच्या वतीने तुमच्याकडे पाठवते आहे.

एप्रिल २०२५मध्ये याच कटातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेहून दिल्लीत आणलं. पुन्हा बातम्या सुरू झाल्या, म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी आता ह्या विषयावर लिहायला बसलंच असेल. लिहाल तेव्हा माझं एवढं ऐका. चिलखती गाड्या आणि इस्तंबूलच्या गच्च्या घालाच, मला त्यांचा राग नाही. पण एक प्रसंग मच्छीमार वसाहतीच्या किनाऱ्यावरचा ठेवा: ओल्या वाळूत उकिडवा बसलेला पोलीस इंजिनाचा नंबर वाचतोय, दुसरा लिहून घेतोय, आणि आकडा चुकू नये म्हणून पुन्हा वाचायला सांगतोय. एक प्रसंग कराचीतल्या दुकानातला ठेवा. एक किल्ला कोर्टातला, जिथे दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाहतात आणि काही बोलू शकत नाहीत. आणि इस्लामाबादची ती सकाळ गाळू नका. नावं खरी ठेवा. झुल्फिकार अलींना टोपणनाव देऊन, तरुण करून, कुठल्यातरी नायिकेच्या प्रेमात पाडून मोकळे होऊ नका.

त्याआधी कागद वाचा. विशेष न्यायालयाचं निकालपत्र दीड हजार पानांचं आहे, त्यात इंजिनापासून गुलाबी फोमपर्यंत सगळं आहे. वाचताना अडलं तर आमच्याकडे या. बाबांचं वय झालंय, पण डोळे शाबूत आहेत आणि पंचनामा कसा वाचायचा, केस डायरीत काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे ते पहिल्यापासून समजावून सांगतील. त्यांना ते कुणी विचारलेलं नाही. उत्तर पाठवाल अशी आशा आहे.

कळावे,

आपली,
एका निवृत्त सहायक फौजदाराची मुलगी